बिब्ब्याची शाई

आलापल्ली, ता. अहेरी
९ जून १९८८

खुशाल,

मंगळवार, १८ मार्च १९८६, दुपारचे सव्वाचार. वेळ पक्की आहे, कारण अहेरीची बस तेव्हाच दारासमोरून गेली आणि तू म्हणालास, "जाऊ दे बस, आत्या. तुझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय मी हलत नाही." मी चहा टाकायला आत गेले. चहा उकळेपर्यंत तू माझ्या परसात होतास, आणि तेवढ्यात तू मला लुटलंस.

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझ्या वकिलाची रजिस्टर नोटीस काल पोचू पोस्टमनने आणून दिली. तिच्यात लिहिलं आहे की कपड्यांवर खूण करायची, अंगाला न बाधणारी बिब्ब्याची शाई करण्याची रीत श्री. खुशाल हरिदास निमगडे यांनी स्वतः शोधून काढली आहे. त्यांचा पेटंटचा अर्ज मंजुरीस आला आहे, दोन एप्रिलच्या राजपत्रात तसं जाहीरही झालं आहे. तेव्हा 'सदर महिलेने' ती शाई करणं आणि विकणं ताबडतोब बंद करावं. सदर महिला म्हणजे मी. अहेरीच्या सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, तुझ्या बापाची थोरली बहीण, तुला मॅट्रिकच्या इंग्रजीत काठावर का होईना पास करवणारी.

स्वतः शोधून काढली! खुशाल, तुला डोक्यावर ठेवलेला चष्मा सापडत नाही.

आता ऐक, शोध कसा लागतो ते. बिब्ब्याने कापडावर खूण करणं माझंही नाही आणि तुझंही नाही. गावोगावचे वरठी-परीट बिब्बा टोचून, वर चुना लावून तेच करत आले. आमच्या कॉन्व्हेंटच्या धुलाईघरातही तेच होतं. जी मुलगी मराठीत बोलताना सापडे तिला सिस्टर अ‍ॅग्नेस चादरींवर नंबर घालायला बसवीत. माझा जन्म त्या चादरींतच गेला म्हण. बोटांच्या पेरांवर फोड यायचे, मनगट सुजायचं. आपल्याकडे म्हणतात तसा बिब्बा उतायचा. मी हात दाखवले की सिस्टर म्हणायच्या, "देवाला अर्पण कर, सिल्व्हिया." त्यांच्या जिभेला सत्यशीला झेपत नसे. मी देवाला काही अर्पण केलं नाही. मी मनात धरलं की याची अशी शाई काढायची, जी धुऊन जाणार नाही आणि अंगाला लागली तरी उतणार नाही.

पुढे दवाखान्यात आले तर तिथेही तीच गत. नंबर नसला की चादरी पाय फुटून बाजारात जायच्या, नंबर घातला की पेशंटची पाठ लाल. मग मी आणि सोमारी लागलो. सोमारी तेव्हा वॉर्डात झाडलोट करायची. तिच्या माहेरची माणसं एटापल्लीकडच्या रानातून बिब्बे आणत, म्हणून बिब्ब्याला कसं हाताळायचं हे तिला ठाऊक, आणि कातडी का फुटते हे मला. आम्ही दोघींनी किती मडकी फुकट घालवली ते विचारू नकोस. पण शाई झाली, आणि मी निवृत्त झाल्यावरही ती इथून अहेरी, चंद्रपूर, बल्लारपूरच्या दवाखान्यांत जात राहिली. एकाही माणसाच्या अंगावर ती उतली नाही.

त्या दिवशी मडकी पडवीत रांगेने मांडलेली होती. एकात बिब्ब्याचं तेल, एकात ते चुन्याच्या निवळीत काळं होत ठेवलेलं, एकात सुकून त्याची वडी झालेली, आणि शेवटच्यात वडी वाटून धावड्याच्या डिंकात कालवलेली. तू सोमारीशेजारी उकिडवा बसलास. तिने मला नंतर सांगितलं:

"बाई, तुमचा भाचा लय गोड बोलते जी. मले मावशी म्हने. मावशी, याच्यात काय टाकता, मावशी, त्याच्यात काय टाकता. म्या सांगतलं. घरचाच पोरगा, त्याले काऊन नाई सांगू?"

जाताना तू एक वडी रुमालात बांधून नेलीस. मी पाहिलं होतं. मला वाटलं, पोराला आपल्या आत्याच्या कामाचं कौतुक आहे.

नोटीस मागे घे. तुझ्या बाबांना ऊर्जानगरला वेगळं पत्र टाकलं आहे. जय भीम त्यात लिहिला आहे, तो सगळ्यांत मिळून समज.

सत्यशीला निमगडे


आलापल्ली
२४ जून १९८८

खुशाल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. उघडं कार्ड, म्हणजे आधी पोस्टमास्तरांनी वाचलं, मग पोचूने, आणि उरलं सुरलं मी. "आत्या, बिब्बा जंगलाचा, चुना बाजारचा, डिंक झाडाचा. यात तुझं काय? तू कधी कागद केलास का? ज्याचा कागद, त्याचा माल. म्हातारपणी चिडू नये, ब्लडप्रेशर वाढतं." पोचू कार्ड हातात देताना विचारतो, "बाई, बीपी जास्त तं नाई ना जी?" सगळ्या आलापल्लीला आता माझ्या ब्लडप्रेशरची चिंता आहे. धन्यवाद.

तुझ्या बाबांचंही उत्तर आलं. "ताई, पोराच्या पोटाचा प्रश्न आहे, घरातलं घरात मिटवू." हरिदास लहानपणी माझी पेन्सिल घ्यायचा तेव्हाही घरातलं घरातच मिटायचं, आणि पेन्सिल त्याच्याकडेच राहायची.

मी चंद्रपूरला बापूराव वकिलांकडे जाऊन आले. त्यांनी मुंबईतल्या ओळखीने तुझ्या अर्जाची नक्कल आणवली आहे. मला वाटलं होतं, मी बसेन, खरं सांगेन आणि ते तुझा अर्ज फेटाळून लावतील. झालं ते असं.

"हरकत घेता येते," बापूराव म्हणाले. "दोन ऑगस्टपर्यंत मुदत हाय. पण काय म्हणून घेता?"

"माझी रीत आहे म्हणून."

"तुमची हाय हे कोणाले माहीत होतं?"

"कोणालाच नाही. गुपित होतं ते."

"मंग तिथंच मेलो आपण. लपून केलेला वापर हा कायदा मोजत नाई, बाई. चारचौघांत माहीत असतं तं त्याचा अर्ज उडाला असता. तुम्ही इतकं चांगलं लपवलं का आता साक्षीले चिटपाखरू नाई."

"म्हणजे मी सगळ्यांना सांगत सुटले असते तर ते माझं राहिलं असतं?"

"तुमचंही नसतं राह्यलं. सगळ्यांचं झालं असतं. पण त्याचं एकट्याचं नसतं झालं."

असला कायदा कोणी केला देव जाणे. बहुधा ज्याला आत्या नव्हती अशा माणसाने. मी नक्कल पुढे ओढली आणि तिथेच वाचायला घेतली. इंग्रजी तुझं नाही, विकत घेतलेलं आहे, पण बरं आहे. तेल काढावं, चुन्याची निवळी घालावी, काळं होऊ द्यावं, सुकवून वडी करावी, वडी वाटून डिंकाच्या पाण्यात मिसळावी, शाई तयार. मी ते दोनदा वाचलं आणि मग मला हसू आवरेना. बापूरावांनी पाणी मागवलं.

खुशाल, तुझ्याजवळ शाई नाही. तुझ्याजवळ बोऱ्याची शाई आहे.

घरी येऊन सोमारीला विचारलं, त्या दिवशी तू या पोराला सगळं सांगितलंस का? ती म्हणाली, "जेवढं होतं तेवढं सांगतलं. पंडुम कुठी झाला होता?"

तू शहरात वाढलास, तुला पंडुम म्हणजे काय ते सांगते. सोमारीच्या लोकांत नव्या हंगामाचं फळ-फूल गावाने पूजा केल्याशिवाय घ्यायचं नसतं. ती पूजा म्हणजे पंडुम. ती होईपर्यंत त्या गोष्टीला हात नाही, आणि सोमारीच्या घरात तर त्या गोष्टीच्या कामाचा विषयसुद्धा काढत नाहीत. आमच्या शाईतलं एक काम अशाच एका गोष्टीवर अडून आहे. तू आलास तेव्हा होळीही व्हायची होती. जुनं सरलेलं, नव्याला हात नाही. दरवर्षी त्या दिवसांत आम्ही ते काम वगळतो आणि जी कच्ची शाई होते ती तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांना बोऱ्यांवर नंबर घालायला देतो. बोऱ्याला कातडी नसते.

एरवी आला असतास तर सोमारीने पाचवं मडकंही उघडून दाखवलं असतं. तू विचारलंस, "मावशी, झालं का एवढंच?" ती म्हणाली, "झालं." पंडुमाआधी तिला दुसरं काही म्हणता येत नव्हतं. आणि तू तर 'झालं' ऐकायलाच आला होतास.

ते काम कोणतं ते मी तुला सांगणार नाही. बापूरावांनाही सांगितलेलं नाही. घे तुझं पेटंट, चौकट करून भिंतीवर लाव. हरिदास म्हणतो, तू अजून कारखान्यासाठी कर्जाच्याच खटपटीत आहेस. सावकाश होऊ दे.

सत्यशीला निमगडे


आलापल्ली
८ जुलै १९८८

खुशाल,

हे पत्र मिळताच, वाचून संपायच्याही आधी, आपला माल थांबव. मग पुढचं वाच.

मागच्या पत्रात मी हसले होते. हरिदासने मला सांगितलं नाही, किंवा तू हरिदासला सांगितलं नाहीस, की तुझ्या बाटल्या जानेवारीपासून दवाखान्यांत जात आहेत. मला ते गेल्या आठवड्यात रुखमाच्या पत्रावरून कळलं. रुखमा तुला आठवेल. माझ्या हाताखाली शिकलेली नर्स, तुझ्या पिंजारलेल्या केसांना ती 'चिमणीचं घरटं' म्हणायची. ती आता चंद्रपूरच्या एका खाजगी प्रसूतिगृहात आहे. तिथे माझी शाई जायची. या वर्षी तुझी स्वस्त मिळाली म्हणून तुझी घेतली. आणि त्यांनी चादरींवरच नाही, बाळांच्या लंगोटांवर आणि दुपट्यांवर नंबर घातले.

रुखमा लिहिते, एका बाळाच्या मांडीवर, नंबर टेकतो बरोबर तिथे, रुपयाएवढा फोड आला आहे. डॉक्टर म्हणाले, आया मीराबाईने गरम पाण्याची पिशवी लावली असणार. मीराबाई रडून सांगते की तिने लावली नाही. तिला येत्या एक तारखेपासून घरी बसवणार आहेत. रुखमाने नंबर पाहिला, शाईची बाटली पाहिली, आणि बाटलीवर आडनाव निमगडे पाहून मलाच विचारलं, "मॅडम, या वेळी तुमची शाई अशी कशी निघाली?"

माझी शाई. खुशाल, तू आडनावही तेच वापरलंस. ते तुझंही आहे, मी काय म्हणणार.

तू म्हणशील, एका बाळाला पुरळ आलं, त्यात काय. मी स्वतःच्या हातावर लावून पाहिली होती, मला काही झालं नाही, हेही म्हणशील. म्हणून मेट्रन म्हणून सांगते, आत्या म्हणून नाही. बिब्बा पहिल्या भेटीत बहुतेकांना काहीच करत नाही. कातडी फक्त ओळख करून घेते. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लागला की उततो, आणि मग जन्मभर उततो. घाम आला, इस्त्री गरम लागली की वाळलेल्या नंबरातूनही ते तेल वर येतं. ज्या बाळाला फोड आला त्याची मला तेवढी भीती नाही. त्याला निदान कोणीतरी पाहिलं. ज्यांच्या अंगावर आज काही नाही, जी घरी गेली आणि सोबत नंबर घातलेलं दुपटं घेऊन गेली, त्यांनी माझी झोप घेतली आहे. चमचाभर दूध घेताना जीव थकतो अशी लेकरं असतात ती. त्यांच्या अंगावर फोड फुटून चिघळला तर काय होतं, हे मी नोकरीत पाहिलेलं आहे. लिहिणार नाही.

मी रुखमाला उलट टपाली कळवलं, ही शाई बंद करा, कापड काढून घ्या. तिने डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन शाईवाल्यांचं भांडण माझ्या वॉर्डात नको." बरोबरच आहे. कारण विचारलं तर मी कारण सांगत नाही. मी फक्त म्हणते, पोपटासारखी, की भाच्याची शाई वाईट आणि माझी चांगली. कुठलाही शहाणा माणूस हसेल.

कारण सांगायचं तर ते वगळलेलं काम सांगावं लागेल. आणि ते माझ्या एकटीचं नाही, त्यात दुसऱ्याच्या मानेवर सुरी येते. तुला एवढंच सांगते की वडी झाल्यावर ती एका गोष्टीने धुवावी लागते. ते धुणं तुझ्या शाईत नाही. तेवढ्यावर विश्वास ठेव आणि माल परत बोलाव.

कळलं त्याच दिवशी तुला तार केली आहे. इथे नदीला पूर आहे, बस चालू-बंद आहे, पोचू म्हणतो तार गेली असेल. 'असेल'. मी दिवसातून चार वेळा फाटकाशी जाऊन येते. सोमारी म्हणते, "बाई, जमीन झिजून राह्यली."

सत्यशीला


चंद्रपूर, रुखमाच्या घरून
१८ जुलै १९८८

खुशाल,

तार तुला मिळाली होती. कळलं कसं, तर तुझ्या वकिलाची दुसरी नोटीस आली. मी 'व्यवसायातील मत्सरापोटी खोटा प्रचार' करते आहे. तुझ्या हातची एक ओळ नाही. ठीक.

मी सोमारीला विचारलं. तिच्याशिवाय मला हे लिहिता आलं नसतं. ती परसात भांडी घासत होती. मी तिला सगळं सांगितलं: बाळ, लंगोट, मीराबाई, डॉक्टर. ती राख लावलेला हात तसाच धरून ऐकत होती.

"मंग सांगून टाका ना जी. मले काऊन इचारून राह्यल्या?"

"सांगितलं तर पोलीस येतील, सोमारी. अबकारीचे लोक येतील."

आता ती बसली. हाताची राख लुगड्याला पुसली. मग म्हणाली, "माह्या घरी येतीन?"

"विचारतील, माल कुठून आणला."

"मंग तसं नाई चालत. माह्या सुनेले बाळ होनार हाये, घरात पोलीस नाई पायजे मले. लेकरं वाचली पायजे, तेबी खरं. तुमीच काढा काई. तुमी शिकलेल्या हा. कागदावर लिवा का भट्टी तुमच्या परसात होती."

"माझ्या? विहारात बायकांकडून दर रविवारी पंचशील म्हणवून घेते मी. पाचवं, दारूचं शील मोठ्यानं म्हणा, असं ओरडते."

"तं काय झालं? आता लहान्यानं म्हना."

तेव्हा आता ऐक, आणि हे पत्र जपून ठेव, तुझ्या वकिलालाही दाखव. बिब्ब्याची वडी सुकली की वाटून पूड करायची. पूड मातीच्या भांड्यात घ्यायची आणि ती मोहाच्या पहिल्या धारेच्या दारूने धुवायची. दारू तपकिरी होऊन निघते. ती ओतून द्यायची, नवीन घालायची. जोवर दारू घातली तशी स्वच्छ निघत नाही, तोवर धुवायची. अंगावर उतणारं, न काळवंडलेलं सगळं तेल ती दारू ओढून घेते. उरते ती काळी पूड निर्धोक. ती पुन्हा सुकवून मग डिंकात घालायची. पहिल्या धारेचीच लागते. पाणी मिसळलेली चालत नाही. दवाखान्यातलं स्पिरिट मी वापरून पाहिलं आहे, आमच्या हातून त्याने पुढे शाई कापडावर फाटली. तू करून पाहा, तुला जमलं तर चांगलंच. हेच ते पाचवं मडकं. मोहाचा पंडुम झाला नव्हता, जुनी दारू सरली होती, म्हणून तुला ते दिसलं नाही.

भट्टी माझ्या परसात, माझ्या सांगण्यावरून लागत असे. मोहफुलं मी विकत घेत असे. त्यात दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. असंच लिहिते, असंच शपथेवर सांगेन, आणि याहून वेगळं काही तू किंवा कोणी सिद्ध करू शकणार नाही.

नुसतं लिहून डॉक्टरांना पटलं नसतं, म्हणून मी एक बाटली बरोबर घेतली. औषधाच्या बाटलीत, वर गुलाबपाण्याची चिठ्ठी. पुरामुळे बस बंद, तर वनखात्याच्या लाकडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आले. वाटेत नाक्यावर शिपायाने ट्रक थांबवला. मी बाटली मांडीवर धरून बसले होते. तो म्हणाला, "मेट्रनबाई, तुम्ही? माझ्या पोरीचं बाळंतपण तुम्हीच केलं होतं. तब्येत बरी नाही का? घाम आलाय." मी म्हटलं, वय झालं. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, खुशाल. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलताना सापडल्यावरही नाही.

डॉक्टरांच्या खोलीत मी तुझी शाई एका बशीत वाळवली होती, तिची पूड काचेच्या नळीत घातली, वरून बाटलीतलं ओतलं, हलवलं. तपकिरी तेल वर आलं. डॉक्टर वाकले, त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे तर..."

"होय डॉक्टर, तेच आहे."

"तुम्ही?"

"मी."

रुखमा खिडकीबाहेर पाहत उभी राहिली. मग मी डॉक्टरांना डावा दंड दाखवला. शुक्रवारी इथे पोचल्याबरोबर तुझ्या नंबराचं कापड तिथे बांधून ठेवलं होतं. तिथे उठलेला फोड त्यांनी पाहिला. स्वतः उठून वॉर्डात गेले, एकेका पाळण्यातलं कापड काढवलं. मीराबाईला बोलावून म्हणाले, "तुझं काही चुकलं नव्हतं." ती म्हणाली, "ते मले माहीत होतं जी. मले वाटलं, तुमाले माहीत नाई." फोडाचं बाळ बरं आहे. मी त्याला घेतलं होतं.

संध्याकाळी बापूरावांकडे गेले. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, आता तुमच्यापाशी काहीच राह्यलं नाई. गुपितही नाई आन् अब्रूही नाई." मी म्हटलं, अब्रूचं माझं मी बघेन, तुम्ही अर्जाचं बघा. ते म्हणतात, आता हरकत टिकेल, कारण तुझ्या अर्जात रीत अपुरी आहे हे दाखवता येईल. पण ते प्रतिज्ञापत्र दाखल झालं की मागोमाग अबकारीचा माणूस माझ्या दारात. येऊ दे.

तेव्हा तुझ्यापुढे सौदा ठेवते. मला पेटंट नको. ते धुणं तुझ्या अर्जात घालता येत असेल तर घाल, माझं नाव घालू नकोस, मी हरकत घेणार नाही. शाई तू कर, चांगली कर. मी आणि सोमारी उद्यापासून मडकी पालथी घालतो. माफीही नको, हरिदासला मध्ये घालू नकोस.

मला हवी आहेत ती नावं. चंद्रपूरचं एक प्रसूतिगृह मला रुखमामुळे सापडलं. बाकी कुठे गेल्या बाटल्या? नागपूर? भंडारा? वर्धा? कुठल्या गावातल्या कुठल्या वॉर्डात, कुठल्या पाळण्यात तो नंबर आज घामाने ओला होतो आहे, हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. मला मेट्रनच्या ओळखी आहेत, मी प्रत्येकीला पत्र टाकू शकते, ट्रकने जाऊ शकते, बाटली घेऊन जाऊ शकते. पण कुठे जाऊ? मी काल रात्री नकाशा पाहत बसले, जशी काही गावं आपणहून हात वर करणार आहेत.

म्हणून: ज्या ज्या दवाखान्याला, लाँड्रीला, शाळेच्या वसतिगृहाला तुझी शाई गेली, त्या सगळ्यांची नावं आणि पत्ते, आणि त्यातल्या कोणाला तू स्वतः कळवलं आहेस ते, तुझ्या हस्ताक्षरात, वकिलाच्या नाही, वरच्या पत्त्यावर शनिवार, ३० जुलै १९८८ रोजी संध्याकाळी पाचच्या टपालाआधी माझ्या हाती पडलं पाहिजे. नाहीतर, तीन दिवसांनी हरकतीची मुदत संपते त्याआधी मी बापूरावांना सही करून देते, मग तू, मी आणि माझी भट्टी सगळ्यांच्या समोर उभे. ते मला चालेल. पण ३० तारखेपर्यंत ज्या पाळण्यांत तो नंबर असेल, त्यांना ते चालणार नाही.

लेखी उत्तर दे.

सत्यशीला निमगडे
निवृत्त मेट्रन